परिचयातून गळलेलं गोंदिया

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

चित्रप्रदर्शनाला गेलं, की दाराशीच एक घडीपत्रक हातात ठेवलं जातं. पुढच्या बाजूला एखादं चित्र, मागच्या बाजूला चित्रकाराचा फोटो आणि त्याखाली दहा-पंधरा ओळींचा परिचय. बहुतेक लोक चित्रं बघतात आणि पत्रक खिशात घालतात. माझी सवय उलटी आहे. मी आधी परिचय वाचतो, मग भिंतीकडे वळतो. मी चित्रकार नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. शब्दांकडे आधी नजर जाते, त्याला काय करणार!

हे परिचय वाचून वाचून पाठ झाले आहेत. जन्म अमुक साली, अमुक गावी. 'बालपणापासूनच चित्रकलेची आवड.' (बालपणी आवड नसलेला एकही चित्रकार मला आजवर कुठल्या पत्रकात भेटलेला नाही.) मग पदविका, मग एकल प्रदर्शनं, मग समूह प्रदर्शनं, मग पुरस्कार आणि शेवटी 'देश-विदेशातील अनेक खासगी संग्रहांत चित्रं.' हे सगळं खरंच असतं. पण वाचून झाल्यावर प्रश्न उरतो, की हा माणूस दिवसभर काय करत होता? पोट कशावर भरत होता? हातात ब्रश धरायला त्याला कुणी शिकवलं? परिचयात या गोष्टी क्वचित सापडतात. चित्रकाराचा परिचय हा साचा आला कुठून आणि त्यातून काय काय गळत गेलं, ते आज आपण जरा मागे जाऊन पाहू.

आपल्या महाराष्ट्रात कलाकाराचा सगळ्यात जुना परिचय कागदावर नाही, दगडावर आहे. कर्जतजवळ कोंडाणे नावाची बौद्ध लेणी आहेत, अदमासे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे एका यक्षमूर्तीच्या अवशेषाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ इतकाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. कण्ह म्हणजे कृष्ण. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात एक यक्षमूर्ती सापडली. तिच्या हातावर लिहिलं आहे, की ही कण्हदास नावाच्या सोनाराने केली. आणि मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला जे दक्षिणेकडचं तोरण आहे, त्यावर नोंद आहे, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताचं काम करणाऱ्या कारागिरांनी केलं.

या तीन ओळींत किती माहिती मावली आहे, पाहा. बलकाच्या ओळीत स्वतःचं नाव आहे, गुरूचं नाव आहे आणि काम समोर उभं आहे. कण्हदासाच्या ओळीत धंदा आहे. रोजचं काम सोन्याचं, पण इथे त्याने दगडाला हात घातला आणि तरीही आपण सोनार आहोत हे लपवलं नाही. सांचीच्या दंतकारांनी तर एकट्याचं नावही दिलं नाही, गावाचं आणि धंद्याचं दिलं. हस्तिदंतावर बारीक काम करणारे हात दगडावर काम करताहेत, हे कळलं की ते तोरण बघायची आपली नजरच बदलते. तिथली बारीक नक्षी कुठून आली, याचा पत्ता त्या एका ओळीत लागतो. पुरस्कारांच्या यादीतून असा पत्ता लागल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या भंडारा जिल्ह्यातही असे दगड आहेत. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर शिल्पं आहेत, लेख आहेत. एका खांबावर नागाची मूर्ती असून ती मुचरिंद नागाची, असं तिथेच कोरून ठेवलं आहे. बाकीचे लेख मुख्यतः दानाचे, म्हणजे ज्यांनी खर्च केला त्यांची नावं. नागाचं नाव आहे, दात्यांची नावं आहेत. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव तिथे नाही. पवनीचा बलक कोण होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एक ओळ कोरायची राहिली आणि ती कायमची राहिली.

माझ्या घरात लहानपणापासून उर्दूही होती, त्यामुळे तजकिरा हा प्रकार कानावर होता. तजकिरा म्हणजे कवींच्या छोट्या छोट्या परिचयांचं पुस्तक. मीर तकी मीर यांनी १७५२च्या सुमाराला 'निकातुश्शुअरा' नावाचा तजकिरा लिहिला. त्यात कवीचं नाव, तखल्लुस, गाव, उस्ताद कोण, स्वभाव कसा आणि मग त्याच्या कवितेचा नमुना. काही परिचय चार ओळींचे, काही चक्क टोमणे मारणारे. पण वाचल्यावर माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

चित्रकारांच्या बाबतीत असा परिचय सापडतो तो अबुल फझलच्या 'आइन-ए-अकबरी'त. अकबराच्या चित्रशाळेतल्या मोठ्या चित्रकारांची नावं त्याने दिली आहेत. त्यातलाच एक दसवंत. अबुल फझल सांगतो, की हा कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. चित्राचं इतकं वेड, की भिंतींवर आकृत्या काढायचा. एके दिवशी बादशहाची नजर पडली, त्याला ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाताखाली दिलं आणि थोड्याच काळात तो सगळ्यांच्या पुढे गेला. मग त्याच्या बुद्धीवर वेडाची सावली पडली आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. मागे उत्तम कामं ठेवून गेला. एवढंच. बापाचा धंदा, पहिलं काम, गुरू, यश आणि शेवट. चारशे वर्षांपूर्वीच्या दरबारी इतिहासकाराला पालखीवाल्याचा मुलगा असं लिहिताना संकोच वाटला नाही. आजच्या पत्रकात तो शब्द राहिला असता का, याची मला शंका आहे.

साचा बदलला तो इंग्रजी अमदानीत. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. परीक्षा आल्या, वार्षिक प्रदर्शनं आली, पदकं आली. चित्रकाराला ओळखण्याची खूण आता गुरू आणि गाव राहिली नाही, ती पदवी आणि पदक झाली. यात वाईट काही नव्हतं. ज्याला कुठल्या संस्थानिकाचा आधार नाही, अशा मुलाला सुवर्णपदक हेच ओळखपत्र होतं. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हेच धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून जे. जे.मध्ये शिरले आणि १९३१ साली तिथूनच निवृत्त झाले. मग १९४० साली त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं. मराठीत चित्रकाराने स्वतःच्या कामाची, पगाराची, वरिष्ठांची, शिकवण्याची इतकी तपशीलवार हकीगत लिहिण्याची ही फार मोठी गोष्ट होती. नावातच वर्षांचा हिशेब आहे! धुरंधरांबद्दल आज आपल्याला इतकं माहीत आहे, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून.

आता त्यांच्याच आगेमागे जे. जे.मध्ये शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान पाहा. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम, म्हणजे हाताला वळण लहानपणीच लागलेलं. जे. जे.मध्ये नाव मिळवलं, कोल्हापूरला परतले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोल्हापूरच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना पूर्वसूरी मानलं. पण त्यांच्या जन्माचं साल कुठे १८५६ दिसतं, कुठे १८६०. चित्रांतली बरीचशी नाहीशी झाली. महाराज गेल्यानंतर आबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. ते १९३१ साली गेले. त्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही. फकिरी वृत्तीचा माणूस, स्वतःची बढाई कशाला मारेल, असं आपण म्हणतो आणि ते ऐकायला बरंही वाटतं. पण त्या वृत्तीची किंमत पुढच्यांनी मोजली.

कोल्हापूरचेच बाबूराव मेस्त्री. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि पेंटर हेच आडनाव झालं. पुढे त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट काढला. इतकं सगळं होऊनही नाव राहिलं बाबूराव पेंटर. त्यांना वेगळा परिचय लिहायची गरज नव्हती, धंदा नावातच होता. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवायचे आणि ते त्यांनी आयुष्यभर ऐटीत सांगितलं. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी मुंबईत घरगडी म्हणून काम केलं, गाड्या धुतल्या. तेही त्यांच्या परिचयात राहिलं. म्हणजे पोटाचं काम लिहायला कुणी बंदी केलेली नाही. पण गंमत अशी, की माणूस फार मोठा झाला तरच ते काम शोभून दिसतं. मधल्या माणसाने ते लिहिलं, तर लोक त्याला कमी समजतील अशी भीती असते. म्हणून तो गाळतो.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला, त्यांच्याकडे येतो. सय्यद हैदर रझा. त्यांचा परिचय कुठेही उघडा, पहिल्या ओळी ठरलेल्या आहेत. जन्म २२ फेब्रुवारी १९२२, बाबरिया, जिल्हा मंडला. नागपूर स्कूल ऑफ आर्ट, १९३९ ते १९४३. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मुंबई, १९४३ ते १९४७. मग पॅरिस, १९५० ते १९५३. १९५६ साली फ्रान्समधलं समीक्षकांचं पारितोषिक, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला ते पहिल्यांदाच मिळालं. पुढे पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण. १९४३पाशी जरा थांबा. एक शाळा संपली आणि त्याच वर्षी दुसरी सुरू झाली, कुठे खाचखळगा नाही. रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. नागपूर सोडलं, मुंबई गाठली.

रझांनी स्वतः सांगितलेली हकीगत मात्र वेगळी आहे. 'आत्मा का ताप' या त्यांच्या हिंदी आत्मकथनातला तो भाग अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही होता. नागपूरच्या परीक्षेत ते वर्गात पहिले आले. वडील जंगल खात्यातून निवृत्त झालेले, नोकरी करणं भाग होतं. आणि हा तरुण कुठे आला? गोंदियाला. ड्रॉइंग मास्तर म्हणून! गोंदिया तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ला तो वेगळा जिल्हा झाला. म्हणजे ज्यांची चित्रं पुढे कोट्यवधी रुपयांना विकली गेली, ते रझा एकेकाळी भंडारा जिल्ह्यात चित्रकला शिकवत होते. फार दिवस नाही, महिनाभराचीच गोष्ट. तेवढ्यात मध्य प्रांत सरकारची जे. जे.मध्ये शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती मिळाली. हे सप्टेंबर १९४३चं. तोवर ते अमरावतीच्या सरकारी नॉर्मल स्कूलमध्ये होते, तिथला राजीनामा देऊन मुंबईला गेले.

मुंबईला पोचले तेव्हा जे. जे.चे प्रवेश बंद झाले होते. प्रवेश मिळाला असता तरी हजेरी भरली नसती. शिष्यवृत्ती परत घेतली गेली. सरकार म्हणालं, अकोल्याला ड्रॉइंग मास्तरची जागा देतो. एकवीस वर्षांच्या मुलासाठी ती सुरक्षित वाट होती, आणि घरची स्थिती पाहता तीच घ्यावी असं कुणीही सांगितलं असतं. रझांनी परत जायचं नाही असं ठरवलं. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली. छपाईसाठी ठसे करणारा हा कारखाना. दिवसभर तिथे काम, संध्याकाळी मोहन आर्ट क्लबमध्ये अभ्यास, आणि झोपायला जेकब सर्कलला ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याची खोली. जे. जे.चे नियमित विद्यार्थी व्हायला पुढे काही वर्षं जावी लागली.

आता पुन्हा ती छापील ओळ वाचा: सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९४३ ते १९४७. ही ओळ कुणी वाईट हेतूने लिहिली असं मी म्हणत नाही. कॅटलॉगवाल्याला जागा कमी असते, एकाने लिहिलं की दुसरा तेच उतरवतो. पण या एका ओळीत काय काय बुजलं! गोंदियाचा वर्ग बुजला, अमरावतीचा राजीनामा बुजला, हुकलेला प्रवेश, गेलेली शिष्यवृत्ती, नाकारलेलं अकोला, ठशांचा कारखाना, टॅक्सीवाल्याची खोली, सगळं बुजलं. आणि माझ्या मते रझा चित्रकार झाले ते नेमके या बुजलेल्या जागेत. परत न जाण्याचा निर्णय त्या वर्षीचा आहे. आमच्याकडच्या एखाद्या मुलाने तो परिचय वाचला, तर त्याला वाटणार, की हा माणूस एका चांगल्या शाळेतून दुसऱ्या चांगल्या शाळेत अलगद गेला, आपल्याला ते कुठलं जमायला! प्रवेश हुकलेला मुलगा म्हणून त्याला रझा भेटतच नाहीत.

दुसरी एक गोष्ट मात्र रझांनी कधी गळू दिली नाही. ककैयाच्या प्राथमिक शाळेत त्यांचं लक्ष लागेना, तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, की याच्याकडे बघत राहा. तो बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत केंद्रस्थानी आला आणि पॅरिसमध्ये राहून ते मंडल्याकडच्या या मास्तरांचं नाव सांगत राहिले. कोंडाण्याच्या बलकाने कण्हाचं नाव कोरलं, त्याच जातीची ही गोष्ट आहे. रझा २०१६ साली दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं.

सगळ्यांनीच इतकं सांगावं असंही नाही. वासुदेव गायतोंडे हे आणखी एक. जन्म नागपूरचा, १९२४चा. ते स्वतःबद्दल जवळजवळ काही बोलत नसत. त्यांचा परिचय ते हयात असताना पाच-सहा ओळींपलीकडे गेला नाही. त्यांच्यानंतर 'चिन्ह'च्या सतीश नाईक यांनी त्यांना ओळखणाऱ्यांकडून आठवणी गोळा केल्या आणि २०१६ साली मोठं मराठी पुस्तक काढलं. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ साली आला, तोही असाच. महाराष्ट्रातल्या कित्येक चित्रकार-शिल्पकारांच्या नोंदी एका ठिकाणी आल्या. असं काम करणारा कुणी भेटणं हे नशिबाचं असतं. पण त्यांना तरी नोंद लिहायला काहीतरी हाताशी लागतं. कुठे तारीख, कुठे कात्रण, कुठे पत्र.

आणि इथे मला आमच्या झाडीपट्टीची काळजी वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धान निघालं, दिवाळी झाली, मंडया भरू लागल्या की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं मोठं ठाणं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीच्या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. नटांची नावं पत्रकावर असतात, लेखकाचं असतं, तबला-पेटीवाल्याचंही असतं. पण त्या नाटकाच्या मागे जो राजवाडा दिसतो, जंगल दिसतं, गावातला रस्ता दिसतो, तो पडदा कुणी रंगवला? त्याचं नाव पत्रकावर मी फार कमी वेळा पाहिलं.

पडदा रंगवणारा माणूस वर्षभर काय करतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानांच्या पाट्या, बैलगाडीच्या पाटीवरची फुलं, शंकरपटाचे फलक, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं कुटुंबनियोजन, निवडणुकीची चिन्हं, गणपती-दुर्गेची आरास. आणि हंगामाआधी पडदे. मग छापील फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं, काही कंपन्यांचे पडदेही फ्लेक्सवर गेले. चाळीस-पन्नास वर्षांची चित्रकला एका छपाईयंत्रापुढे हातावेगळी झाली. त्यातले बरेच पेंटर आता सत्तरीच्या पुढे आहेत. दोन हात थरथरतात, एक डोळा मोतीबिंदूचा.

राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे लागतात. किती वर्षं काम केलं, कुठे केलं, कात्रणं, प्रमाणपत्रं. नियम असणारच, त्याशिवाय सरकारी पैसा द्यायचा कसा? पण पडद्यावाल्याकडे प्रमाणपत्र कुठलं असणार? त्याचं काम दरवर्षी धुतलं जातं. मांजरपाटावरचा जुना राजवाडा पुसून त्यावरच नवं जंगल रंगवतात, कारण कापड महाग. आबालालांची चित्रं तलावात गेली असं म्हणतात, यांची चित्रं यांच्याच पुढच्या चित्रांखाली गेली.

लिहिता-वाचता माणूस म्हणून असे अर्ज माझ्याकडे येतात. लाखांदूरकडचे एक पेंटरकाका नातवाला घेऊन आले. नातवाने घरीच एक परिचय लिहून आणला होता. त्यात होतं: 'बालपणापासूनच चित्रकलेची आवड. अनेक ठिकाणी कला सादर. अनेक मान्यवरांकडून कौतुक.' तीन वाक्यं, त्यांत दोनदा 'अनेक', आणि ज्या माणसाबद्दल लिहिलं तो त्यात कुठेच नाही. मी काकांना म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "आपलं काय लिवाचं जी? पडदे रंगवले, पोट भरलं."

मग आम्ही प्रश्नोत्तरं केली. पहिला पडदा कुठल्या साली? साल आठवेना. मोठ्या मुलीचा जन्म झाला त्या वर्षी, एवढं आठवलं. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरून साल निघालं, १९७४. शिकवलं कुणी? एका मूर्तिकाराने, त्याच्या हाताखाली चार वर्षं माती तुडवली. नातवाला हे पहिल्यांदाच कळत होतं. कुठल्या कंपन्यांसाठी रंगवले? ते मात्र त्यांना तोंडपाठ, कारण कुणी पैसे बुडवले तेही त्यांच्या लक्षात होतं! (ती यादी अर्जात घातली नाही.) रंग कोणते वापरायचे? पावडरीचे रंग, सरसात कालवून. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना तडकतो, कमी झाला की रंग हाताला येतो. हे प्रमाण त्यांनी बोटांनी दाखवलं, कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नसेल. जंगलाच्या पडद्यात झाडं कुठली काढायचे? "आपल्याकडचीच जी. मोह, साग, पळस. बाहेरचे पेंटर नारळ काढतात, इथे नारळाचं जंगल कुठून आलं?"

हे सगळं मी परिचयात घातलं. मोहाचं झाडसुद्धा. कार्यालयातल्या एका साहेबांना ते फार लांबलं असं वाटलं, त्यांनी अर्धं कापायला सांगितलं. आम्ही अर्जासाठी छोटा केला आणि मोठा घरी ठेवला. पुराव्यासाठी जुन्या कंपनीच्या एका मालकाने सही-शिक्क्याचं पत्र दिलं, एका गावच्या मंडळाने त्यांच्याकडचा जुना पडदा उलगडून फोटो काढू दिला. त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बासाच्या शिवणीपाशी, बारीक अक्षरांत काकांचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि पुढे फक्त 'पेंटर'.

तो पडदा १९८८चा. कापड विरलं आहे, पण अक्षर अजून वाचता येतं. नातवाने मोबाइलवर तेवढ्याच कोपऱ्याचा वेगळा फोटो घेतला आणि परिचयाच्या कागदाला टाचणीने लावला. अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे.